दीड नंबर

साखळी असती तर आधी खडखडली असती,
नईमोद्दीन म्हणाला.
बेल्ट काही बोलत नसतो, सर.
गप फिरतो, गप फिरतो,
आन एक दिवस चारठाण्याच्या चढावर
गाडीच गप होती.

जिंतूर रोडला, टायरवाल्याच्या मागं
लिंबाखाली माझी इंडिका.
डिक्कीत तीनशे फ्रेमा, काचांची पेटी,
आणि गुंडाळलेला अक्षरांचा तक्ता,
ज्याची शेवटची ओळ बोरीत अजून कुणी वाचलेली नाही.
उद्या बोरीचा बाजार आहे,
असं मी त्याला दोनदा सांगितलं.

मीटरवर अडुसष्ट हजार.
नव्वदला बदलतात ना, मी म्हटलं,
अजून बावीस हजार शिल्लक आहेत की.
झरी, बोरी, चारठाणा, पुन्हा परभणी,
दोन वर्षं तर सहज.

त्यानं पोराकडं नुसता दहाचा पाना मागितला.
कव्हर निघालं. त्याच्या आतल्या अंगाला
पांढऱ्या पेंटनं, कुणाच्या तरी घाईतल्या अक्षरात:
बेल्ट नवा. एक लाख चार हजार.

मी परत मीटर पाहिलं.
अडुसष्ट.

गाडी विकणारा नांदेडचा तो माणूस आठवला.
डॉक्टरांची गाडी, म्हणाला होता,
घर ते दवाखाना, बास.
दोन कप चहा पाजला होता त्यानं,
आणि वर बडीशेप.

मग ही चालली तरी किती असेल?
ते आता तिलाच ठाव, नईमोद्दीन म्हणाला.
आन बेल्टाला निस्ते किलोमीटर लागत नसतेत.
पाच वर्षं झाले की उभ्या गाडीतबी वाळतो,
त्यात आपल्याकडं त्रेचाळीसचं ऊन.

हिशोब त्यानं फिल्टरच्या खोक्यावर मांडला.
बेल्ट, टेन्शनर, आयडलर: अठ्ठावीसशे.
वॉटर पंप साडेचौदाशे,
(आत्ताच टाका, उद्या गळला तर पुन्हा येवढंच खोलनं आलं)
कूलंट चारशे, मजुरी बाराशे.
पाच हजार आठशे पन्नास.
आणि तुटला तर? मी विचारलं.
व्हॉल्व्ह वाकतेत. हेड उतरवा. तीस हजार.
गाडीची किंमत मग तुम्हीच सांगा.

खोका वाचून दाखवताना
त्यानं तो धरला होता हातभर लांब,
मान थोडी मागं.
हा हात मी ओळखतो.
वीस वर्षं याच हातावर माझं पोट आहे.

दुपारी जुना बेल्ट निघाला.
धडधाकट दिसत होता, माझा जीव चुटपुटला.
त्यानं उलटा वाकवून माझ्या हातात दिला:
दातांच्या मुळाशी केसाएवढ्या भेगा,
ओळीनं अकरा. मी मोजल्या. त्याला दिसत नव्हत्या,
बोटांना माहीत होत्या.

वरच्या पुलीवर एक टिंब असतं,
खालच्या पुलीवर रेघ, तिळाएवढी.
दोन्ही जागेवर आली पाहिजेत.
एक दात चुकला तर नव्या बेल्टासकट व्हॉल्व्ह गेले.
तो ते टिंब अंगठ्यानं चाचपत होता.

चष्मा का लावत नाही?
मेकॅनिकला चष्मा दिसला की गिऱ्हाईक पळतंय, सर.

मी डिक्की उघडली.
एक नंबर: जरा बरं.
सव्वा. दीड.
दीडवर त्यानं इंजिनात पाहिलं आणि थांबला.
आयला, हे टिंब येवढं मोठं हाय व्हय?

मग टिंब टिंबाशी, रेघ रेघेशी.
चावी लावण्याआधी पाना घालून
हातानंच दोन पूर्ण फेरे फिरवले, सावकाश,
कुठं अडतंय का ते ऐकत.
अडलं नाही.

मजुरीतून फ्रेमचे दोनशे ऐंशी वळते झाले,
बाकीचे पाच हजार पाचशे सत्तर मी मोजून दिले,
त्यानं पुन्हा मोजून घेतले.

कव्हर बसवायच्या आधी पेंटची डबी आली.
आकडा कोणता लिहू? त्यानं विचारलं.
मला सांगता येईना.
त्यानं जुन्या ओळीखाली आजची तारीख घातली,
आणि तिच्याखाली,
जागा भरपूर होती तरी
मुद्दाम बारीक अक्षरात:
मीटरवर जाऊ नका.