कॉम्प्रेसर बसला तेव्हा

शारजात, इंडस्ट्रियल एरिया दहामध्ये,
डक्टिंगच्या पत्र्यांच्या गोदामामागे
आमची खोली. भाडं चौघांत.
खिडकी नव्हतीच, आणि एसी इतका जुना
की त्याची घरघर कायम एकाच स्वरात.
यझन म्हणायचा बी फ्लॅट, मी म्हणायचो काळी पाच.
सहा वर्षं आम्ही त्या घरघरीला षड्ज मानलं.

गाणी संथ. इतकी संथ
की जिनेशच्या दोन ठोक्यांच्या मधे
माझा मनातल्या मनात
उद्याच्या साइटवरचा सळ्यांचा हिशेब अर्धा व्हायचा.
रैहाना ओठ न हलवल्यासारखी गायची.
दापोलीची पोर, पण आवाजात समुद्र नाही,
बंद फ्रीजमधला दिवा,
आत पेटलेला आहे की नाही, कोण सांगणार?

लोक म्हणत, फार उदास वाजवता.
उदास कसलं!
बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री.
इथे उजेड हा शब्द कुणी लाडाने उच्चारत नाही.
पडदे जाड, गाड्यांच्या काचा काळ्या,
आणि दुपारी सिग्नलपाशी दिव्याच्या खांबाची
एक बारीक सावली पडते, तिच्यात
पाच-सहा माणसं एकामागे एक उभी,
सावली सरकेल तशी सरकणारी.
आमची गाणी तेवढीच रुंद होती.

मग नोव्हेंबरातल्या एका शनिवारी
कॉम्प्रेसर बसला.
बसला म्हणजे कायमचा.
जिनेशने शटर अर्धं वर ढकललं.
वाटलं होतं शांतता येईल.
आला शेजारच्या तंदूरचा वास,
कॅरमची टकटक,
आऊट की नॉट आऊट यावरून पेशावरी पोरांची हुज्जत,
आणि खाडीकडून, खरंच सांगतो, वारा.

षड्ज गेला होता.
कुठून धरायचं कुणालाच कळेना.

यझनने तारा अर्धा स्वर वर ओढल्या.
"बघू," म्हणाला.
सहा वर्षांत माझ्याकडून उचललेला एकुलता एक मराठी शब्द.
जिनेशने ब्रश खाली ठेवले, काठ्या घेतल्या.
माझं बोट बासवर जरा आधीच पडलं, चुकून,
आणि गाता गाता रैहानाला हसू आलं.
ते ओळीत तसंच राहिलं.
पुढे रेकॉर्डिंगमधूनही काढलं नाही.

मराठीत ऊब आणि उबग
एकाच भिंतीला पाठ लावून राहतात.
हे मला इथे कळलं, चाळिशीत,
घामाने बास हातातून निसटत असताना.

म्हणून काही आमची वरात झाली नाही.
अजून संथच आहोत.
फक्त दोन ठोक्यांच्या मधे आता
कुणी राहायला आल्यासारखं वाटतं,
चपला दाराशी, कुकरची एक शिट्टी झालेली.

अल कूझच्या कार्यक्रमाला डिल्हानी आली होती.
नर्स आहे. नेहमी मागे, जमिनीवर, भिंतीला टेकून.
टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, तिनेही.
मग केबल गुंडाळत होतो तिथे येऊन म्हणाली,
"छान झालं. खरंच.
पण रात्रपाळीवरून आले की
मी तुमचं जुनं लावून झोपायचे.
हे लावलं तर जागी राहीन."

मी केबल गुंडाळतच राहिलो.
गुंडाळून झालेली पुन्हा उलगडून गुंडाळली.

घरी आल्यावर जुन्या फाइली चाळल्या.
एका गाण्याच्या शेवटी, आम्ही थांबल्यावर,
कुणी मशीन बंद करायला विसरलं होतं.
चार मिनिटं नुसता एसी.
मधे एकदा कुणाची तरी खुर्ची सरकते.
तेवढाच तुकडा कापून तिला पाठवला, काही न लिहिता.

सकाळी आठला तिचा मेसेज आला:
हे नवीन आहे का?