तिसरी जागा

दहीपुलापाशी मुश्ताकभाईंनी कॅसेट उघडली.
आत गंजू लागलेला एक चपटा सेल.
मीटर म्हणालं, दोन पूर्णांक एक.
"जीव आहे अजून. पण काढला की आतलं सगळं गेलं.
आधी उतरवून घ्या."

उतरवून घ्या.
जशी पोथी उतरवून घेतात,
किंवा पोराची दृष्ट.

आठ किलोबाइट.
सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांसारखंच,
एवढ्याशात तिघांची सोय.

खेळ जपानी. अक्षर कळत नव्हतं.
वरचं म्हणजे हो, खालचं म्हणजे नाही,
हे आम्ही मरून मरून शिकलो.
वैजू वहीत खुणा काढायची:
विहिरीसारखं दिसतं ते औषध,
मोडक्या खुर्चीसारखं, म्हणजे पळ.
धर्मशाळेत जाऊन निजलं की नोंद व्हायची,
मग खुशाल जाऊ दे लाइट,
भारनियमनाचा हात त्या सेलपर्यंत पोचत नसे.

रात्री लॅपटॉपवर फाइल ठेवली.
ओळखच देईना.
शेपटाची तीन अक्षरं बदलली, तेव्हा दार उघडलं.

पहिली जागा मी. सात तास. पुलाअलीकडे अडकलेला.
दुसरी वैजू. एकोणीस तास, आणि पिशवीत सगळी औषधं शिल्लक.
(अजूनही तिच्या पर्समध्ये
मुदत संपलेल्या गोळ्या सापडतात.)

तिसरी रिकामी होती,
दहावीला मी कॅसेट कपाटात टाकली तेव्हा.

४१७२.
त्रेसष्ट तास.

नावाला घरं चारच. त्यात मावेल असा
सातपूरच्या कंपनीतला अण्णांचा टोकन नंबर.
सेकंड शिफ्ट सुटून साडेबाराला घरी यायचे,
ताटावरचं झाकण आवाज न करता काढायचे.
आम्हाला वाटायचं, जेवून झोपतात.

सकाळी विचारलं.
डोळ्यात थेंब घालून आडवे होते.
"मी? छे. मला कुठे येतंय ते."
पंखा फिरत राहिला.
मग मिटल्या डोळ्यांनीच:
"त्या नावाड्याला अंगठी दिल्याशिवाय
तो पलीकडे नेत नाही."

आता तीन प्रती आहेत.
एक पेनड्राइव्हवर, लाइटबिलांच्या फायलीत.
एक वैजूच्या मेलवर, तिने अजून उघडलेली नाही.
एक इथे.
चालता क्षण गोठवायचं बटणही असतं,
पण त्याचा भरवसा नाही,
आवृत्ती बदलली की गोठलेलं हाती लागत नाही.
धर्मशाळेत निजून केलेली नोंदच खरी.

मुश्ताकभाईंनी नवा सेल डकवला,
तिघांना परत आत बसवलं.

आणि काल रात्री जेवणानंतर अण्णा म्हणाले,
"दे इकडे."
अंगठा जरा कापत होता. पण नावाडी,
दलदल, घंटेचं देऊळ, कुठे थांबले नाहीत.
धर्मशाळेत पोचले. पडद्यावर एकाखाली एक
दोन शब्द आले: जुनं पुसून हे लिहायचं?

माझा हात उगाच पुढे गेला.
"वरचं म्हणजे हो," अण्णा म्हणाले,
जसं काही मलाच माहीत नव्हतं,
आणि दाबलंसुद्धा.