दानाच्या पाकिटावर

पाटोळे पाळकांनी चार प्रश्न दिले होते:
शिव्या किती. दारू किती. अंगचाळे किती.
आणि शेवटी, तारणाची काही आशा दिसते का.
"शांतवनदादा, तुम्ही आधी बघून या, मग ठरवू
तरुण संघाला पाठवायचं की नाही."
वडीलमंडळात मी सगळ्यात जुना,
रिकामा, आणि रामबागेत राहणारा.

वही विसरलो. खिशात दानाचं पाकीट निघालं.
त्याच्या पाठीवर दर शिवीला एक उभी रेघ,
चार झाल्या की पाचवी आडवी.
शेजारची बाई म्हणाली, "काका, परीक्षक आहात का?"
हो म्हणालो. खोटं नव्हतं.

नाटक नाटकवाल्यांचंच.
एक मोडकी कंपनी, दौऱ्यात अडकलेली,
ट्रकच्या भाड्याला पैसे नाहीत.
एका रात्री मालक कोरसमधली पोर
ठेकेदाराच्या गाडीत बसवून देतो
आणि सकाळी ट्रक सुटतो.
कुणी काही विचारत नाही. तालीम होते.
तिच्या जागी दुसरी उभी राहते,
तेच लुगडं, टाचण्या मारून.

इथवर सव्वीस रेघा.
दारूपुढे लिहिलं: भरपूर.
'मंडळी' हा शब्द तेही वापरतात, आम्हीही,
याचा मला उगाच राग आला.

मग लक्ष गेलं प्रॉम्प्टरकडे.
कडेला, स्टुलावर, गुडघ्याशी कंदील,
दोन तास तो आम्हाला पाठमोराच.
त्याला सगळं माहीत होतं. गाडीचा नंबरसुद्धा.
पण तो फक्त दुसऱ्यांची वाक्यं पुटपुटायचा,
कुणी अडलं की. वेळेवर. नेमकी.
शेवटच्या प्रवेशात पोरीचा बाप येतो,
"पोर कुठंय?" विचारतो,
आणि मालक, एवढा बोलका, तिथे अडतो.
हा पानही न उलटता हळूच देतो:
"घरी गेली. आईची तब्येत बरी नव्हती."

रेघ ओढायला मी पेन्सिल टेकवली.
शिवी नव्हती ती.

सन एक्क्याऐंशी. मिशनचं वसतिगृह.
सरोजिनी भांबळ, इयत्ता आठवी.
वॉर्डनबद्दल ती काय म्हणाली
ते आम्ही चौघांनी ऐकलं, दार लावून.
मी चिटणीस.
ठरावात काय लिहावं, इथे सगळे अडले.
मी सुचवलं: कौटुंबिक कारणास्तव रतलामला रवाना.
अक्षर माझं सुरेख होतं. अजून आहे.
प्रार्थनेने सभा संपली.
वॉर्डनने चहा दिला, आलं घालून.

बाहेर तो प्रॉम्प्टर झालेला मुलगा
ठेल्यावर कचोरी खात होता,
अर्धी मिशी अजून ओठाला चिकटलेली.
म्हटलं, काम चांगलं केलंस.
"मला कुठे काम होतं काका,
माझं स्वतःचं एक वाक्य नाही त्यात."
हसला. वरून अजून जिरावन मागितलं.

रविवारपर्यंत पाळकांना लिहून द्यायचंय.
तारणाची आशा?
नाही. कुणी गुडघे टेकत नाही,
गेलेली परत येत नाही,
बाप दारात उभा असतानाच पडदा पडतो.
एवढं मी प्रामाणिकपणे लिहू शकतो.
तरुण संघाला पाठवू नये, असंही.
वडीलमंडळाला पाठवावं, हे लिहीन का, ठाऊक नाही.

पाकिटावर सव्वीस रेघा
आणि पेन्सिलीचा एक ठिपका.
रतलामची गाडी किती वाजता, ते विचारून आलोय.
ती आता सत्तावन्नची असेल. असेल तर.
पत्ता नाही.
ठरावाच्या वहीत आम्ही
पत्त्याला रकानाच ठेवला नव्हता.