सही जुळते

आमच्या ऑफिसला खिडकी नाही.
स्टेडियमच्या पायऱ्यांखाली, तिकीटखोलीच्या मागे
दोन टेबलं, एक स्कॅनर
आणि मी, मार्लिस हुक्स्ट्रा,
वेल्डन क्रॉसिंगच्या सरकारी कॉलेजात
एकोणीस वर्षं नावं काळी करते आहे.
शनिवारी सामना असला की छत थरथरतं,
वर चाळीस हजार माणसं एकदम उठतात
आणि माझ्या कॉफीत बारीक वर्तुळं.

पूर्वी मार्कर होता.
कागद दिव्यासमोर धरला की अक्षरं दिसायची,
बर्फाखालच्या गवतासारखी.
आता माऊसने चौकोन ओढायचा, झालं.
पण चौकोनालाही लांबी असते
आणि मला लांब्या पाठ झाल्या आहेत.
हा आखूड म्हणजे किकर.
हा रुंद, मधे फट असलेला,
टेरेल ब्रॅनम, जर्सी एकोणसाठ.

कोचचा करार उघडा आहे. कुणीही मागावा.
वर्षाचे नऊ लाख डॉलर, बायकोची गाडी,
हाकललं तर किती द्यायचे तेसुद्धा.
एक अक्षर न झाकता पाठवते.

झाकायचा तो मंगळवार.
जुलै, दुपारचे तीन, सत्त्याण्णव फॅरनहाइट,
तेवीस फेऱ्या झाल्यावर अजून सात.
बर्फाचा टब होता. कोरडा होता.
ट्रेनर पोरीने वहीत दोनदा लिहिलंय, थांबवा,
दुसऱ्यांदा पेन कागदात रुतलंय.

वकील प्रुइट फोनवर मऊ बोलतात:
मार्लिस, विद्यार्थ्याची खासगी माहिती आहे ती.
आपण मुलाचं रक्षण करतो आहोत.
मी रक्षण केलं. एकतीस पानं.
मुलाभोवतीचा टब झाकला, घड्याळ झाकलं,
"थांबवा" झाकलं, दोनदा.

पाकीट त्याच्या आईला गेलं.
ओडेसा ब्रॅनमने फोन केला. ओरडली नाही.
म्हणाली, बाई, माझ्याच पोराचं नाव
माझ्यापासून कशाला लपवता?
मी नियम वाचून दाखवला.
तो वीस वर्षांचा आहे, सज्ञान आहे,
त्याची लेखी परवानगी हवी.
पलीकडे कुठलंसं मशीन टिकटिकत होतं.
मग ती म्हणाली,
त्याला अजून चमचा धरता येत नाही.

यावर नियमात काही नाही. मी शोधलं.

मार्चच्या शेवटी दोघं आले.
आमच्याकडे रॅम्प नाही, मैदानाच्या गेटमधून
खुर्ची फिरवून आणावी लागली,
ओल्या लॉनवर चाकांच्या दोन रेघा.
खांद्यांवरून अजून कळत होतं कुठल्या जागेवर खेळायचा.
उजवी मूठ मांडीवर, घट्ट मिटलेली.
झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात लोक.
आईने एकेक बोट उघडलं,
पेन ठेवलं, बोटं परत मिटली.
मग तिने हात काढून घेतला. पूर्ण काढून घेतला.

चार मिनिटं लागली.
सही रेघेवर सुरू झाली, खाली घसरली,
"फक्त कार्यालयीन उपयोगासाठी" या चौकटीत
जाऊन थांबली.
तो माझ्याकडे बघत म्हणाला,
पुसट, पण म्हणाला: झाली.

पुढचं कलम माझं.
सही नमुन्याशी पडताळून पाहावी,
न जुळल्यास अर्ज परत करावा.
नमुना फाइलीत होता, शिष्यवृत्तीच्या पत्रावर,
दोन वर्षांपूर्वीचा.
शेवटच्या अक्षराला केवढी शेपटी,
पानाच्या कडेपर्यंत उडवलेली,
जणू पुढे अजून मैदान आहे.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले.
चष्मा पुसला, परत ठेवले.
प्रुइटचा नंबर समोर चिकटवलेला होता.

ड्रॉवरमधे दोन शिक्के असतात.
निळ्या शाईचा घेतला,
तारीख फिरवली,
आणि दाबून मारला: सही जुळते.

मग प्रिंटर सुरू केला.
एकतीस पानं. जुना आहे तो, हळू चालतो.
आई उभीच होती.
टेरेलने मान वळवली
आणि पहिलं पान बाहेर येताना बघत राहिला.