चार नंबरचा ढोल

आमच्या गावात वाऱ्यावरून कळायचं आज काय भाजतायत.
पूर्वेचा वारा म्हणजे मक्याचे पोहे,
दमट हवेत ओटचा वास, ओल्या पोत्यासारखा,
आणि गुरुवारी चार नंबरचा ढोल फिरू लागला
की शाळेपासून चर्चपर्यंत करपट साखरेची पातळ साय.
तो ढोल माझा. एकतीस वर्षं.

शिफ्ट सुटली की शर्ट काढून ठेवला तर उभा राहायचा.
भुवयांत दाणे, कानाच्या पाळीत पाक.
लोइस म्हणायची, दारातच थांब, मुंग्या येतील.
लग्नाच्या पहिल्या वर्षी मात्र
त्या कानाला मुंग्या लागू दिल्या नाहीत तिनं.

आता तीच, चष्मा कपाळावर ढकलून,
खोक्याच्या कुशीवरची बारीक अक्षरं वाचते.
दुकानातली ही रांग मला परकी.
आम्हाला पिचकी खोकी फुकट मिळायची,
पैसे देऊन न्याहारी घेतो कोण?

"पाऊण वाटीत तेहतीस, गॅरिट."
पाऊण वाटी! कारखान्यात आम्ही हसायचो त्या पाऊण वाटीवर.
तेवढं तर माझा मुलगा
वाटीत दूध पडेपर्यंत कोरडंच संपवायचा.

पुढचं खोकं. 'साखर नाही', हिरव्या, साळसूद अक्षरांत.
पाठीमागे तांदळाचं पीठ, मग खजुराचा पाक.
परत फळीवर.
त्यापुढचं मधाचं.
मध म्हणजे साखरच, फक्त चांगल्या घरची.
परत.

आहाराचं सांगणारी फातेन हद्दाद, माझ्या नातीहून थोडी मोठी.
म्हणाली, एकूण कर्बोदकं बघा, तंतू वजा करा,
आणि घरातली सगळ्यात लहान वाटी शोधा.
मी काय काम करायचो हे तिनं विचारलं नव्हतं.
मीच सांगून टाकलं, कबुलीजबाबासारखं.
ती पेन थांबवून म्हणाली,
"तुमची कडी? मी रंग वेगळे करून खायचे.
लाल शेवटी."

मिळालं शेवटी. सगळ्यात वरच्या फळीवर,
जिथे पोरांची नजर जात नाही.
जवस, बदामाचे काप, भोपळ्याच्या बिया, खोबऱ्याचे पापुद्रे.
पाच ग्रॅम. साडेनऊ डॉलर.
"साडेनऊ!" मी एवढ्यानं ओरडलो
की गाडा ढकलणारा पोरगा वळून बघायला लागला.
"अगं, यात ढोलसुद्धा फिरलेला नाही!"

शनिवार. खिडकीबाहेर मिशिगनचा जुनाट बर्फ.
बोटं पाकानं भाजून भाजून निबर झालीयत,
सुई दोनदा टोचावी लागते.
एकशे अठरा.
लोइस मान हलवते, म्हणजे बरं आहे.
वाटीत बिया. चावायला लागतात, बोलता येत नाही,
पक्ष्यांचं कसं चालतं कळायला लागतं.
वाईट नाही. खोबरं बरं लागतं.
हे तिला अजून सांगितलेलं नाही.

समोर मार्गो, सात वर्षांची, दुधात चमचा बुडवून
रंग सुटायची वाट बघत बसलेली.
ढोल गेल्या उन्हाळ्यात भंगारात गेला.
ही कडी आता दुसऱ्या कुठल्या राज्यात बनतात, जरा लहान,
आणि पूर्वेचा वारा आला तरी नुसता गार.

तिनं एक कोरडं कडं माझ्या बशीत ठेवलं. लाल.
"आजोबा, एकच."
लोइसनं नळ बंद केला, पण वळली नाही.

मी ते उचललं, आणि सवयीनं
स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवलं.
आकडा हललाच नाही. शून्य.
मार्गो पुढे वाकली. मीही.
काटा झटकला, पुन्हा ठेवलं. शून्य.

मग वही ओढली आणि लिहिलं,
जसं शिफ्टच्या वहीत लिहायचो, खाडाखोड न करता:
सकाळी सव्वासात. एकशे अठरा.
बिया, लहान वाटी, दूध थोडं.
कडं एक. लाल. वजन भरलं नाही.