पिंप

गिरणीचं भंगार आम्ही किलोवर उचललं.
साचे आधीच गेले होते, चिमणी पाडायला परवानगी नव्हती.
रिंगखात्यामागच्या कोठीत निघालं एक पिंप,
रिकामं, तरी हात लावला की बोटं बुळबुळीत.

चिंधीने घासल्यावर चित्र दिसलं:
समुद्रात घुसलेला जमिनीचा काळा सुळका,
टोकावर धूर सोडणारी चिमणी, अगदी आपल्यासारखी,
खाली उतारावर साखळदंडांनी ओढून घेतलेला
एक देवमासा,
आणि त्याच्या पाठीवर चढलेली माणसं,
ज्वारीच्या दाण्याएवढी.
गावाचं नाव गंजाने खाल्लं होतं.

दाजी पेठेतून मेरगू राजमल्लूंना रिक्षात घालून आणलं.
छत्तीस वर्षं तेलवाला.
त्यांनी आधी वास घेतला.
"हेच. चाती भिंगरीसारखी फिरायची, पण तापायची नाही.
मुकादम थेंब मोजून द्यायचा.
मासळीचं तेल म्हणायचे.
आम्ही समजलो, बांगडा-बिंगडा असेल."
मग चित्रावर बोट फिरवत:
"हा केवढा?"
अर्ध्या खात्याएवढा, मी म्हणालो.
"नाव काय ह्याचं?"
देवमासा.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"देव म्हणता," ते म्हणाले, "आणि तेल काढता?"

समुद्र त्यांनी पाहिलेला नाही.
बायको रोज सदरा सोड्यात भिजवायची,
कोपरावरचा डाग शेवटपर्यंत तिथेच.
त्या सुळक्यावरही असेल कुणी,
भोंगा झाला की गुडघाभर चरबीत उतरणारा,
हे जातं कुठे, असं मुकादमाला एकदाच विचारलेला.
त्याला कोण सांगणार,
की चव्वेचाळीस डिग्रीत तापलेल्या एका गावात
ह्याच्यावर सूत निघतं, आणि सुताची चादर.
थंडी तर तिकडे मरणाची असणार.
तिकडे एकही गेली नसेल.

पिंप त्यांनीच मागितलं. तीसचा भाव होता, वीसने लावलं.
आता दारात उभं आहे,
चित्राची बाजू भिंतीकडे.
पाचव्या दिवशी, रात्री अडीचला नळ येतो,
पाणी तळाशी आदळतं तसे ते अंथरुणात उठून बसतात.
"भरलं का?" विचारतात,
भरलेलं नसतं.

सुनेने तीनदा राखेने घासलं,
एकदा चिंचेने.
तवंग येतोच.
ते पाणी सांडायला वापरतात, प्यायला नाही.