पश्चिमेचा वारा, अठरा किलोमीटर

पुंता अरेनासमध्ये वाऱ्याशी कुणी वाद घालत नाही.
तो फारच माजला की चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
मीही धरतो,
धावून परतताना, गुडघे ऐकेनासे झाले की.

नोल्बेर्तो बारिया. वय त्रेपन्न. धंदा कुलपांचा.
दिवसभर लोकांची दारं उघडतो
आणि पहाटे पाचला स्वतःचं दार
इतक्या हलक्या हाताने ओढून घेतो
की बायको पांघरुणातून म्हणते,
चोरसुद्धा एवढा जपून जात नसेल.

घराची एकच किल्ली, उजव्या बुटाच्या नाडीत ओवलेली.
पहिले तीन किलोमीटर ती वाजते.
मग ऐकू येत नाही.
ती गप्प होते की मी, कोण जाणे.

रस्ता समुद्राकाठचा, उत्तरेला जाणारा.
वारा पश्चिमेचा.
म्हणजे जाताना डाव्या कानात बोलतो,
येताना उजव्या.
दोन्ही कानांत एकच सांगतो: घरी जा.

नवव्या किलोमीटरला एक गंजलेलं पिंप आहे.
त्याला हात लावल्याशिवाय मागे फिरायचं नाही.
हा नियम कुणी केला? मीच.
मोडला तर कुणाला कळेल?
म्हणूनच तर.

मेहुणा मिर्को विचारतो, तुझ्या मागे लागलंय तरी कोण?
पोटासाठी धावणारे समजतात मला,
पोट उतरवायला धावणारेही समजतात,
तू कशात मोडतोस?
मी सांगत नाही की सहाव्या किलोमीटरला
डोक्यातली बिलं संपतात,
आठव्याला मेलेल्या भावाशी चाललेलं भांडण संपतं,
आणि नंतर काही वेळ मी
फक्त दोन पाय आणि थोडी वाफ असतो.
सांगितलं तर म्हणेल, डॉक्टरला दाखव.

गेल्या वर्षीच्या शर्यतीत दोनशे एकतीस जण होते.
मी दोनशे चौदावा.
माझ्या मागच्या सतरांपैकी अकरा जण
अजूनही रस्त्यात दिसले की हात करतात.
पहिल्या आलेल्याचं नाव मला आठवत नाही.

नोव्हेंबरातला तो रविवार. परतीची वाट, चौदावा किलोमीटर.
दोन्या एदेल्मिरा सपाता घालून फाटकाशी उभी.
लाकडं आणायला बाहेर आली
आणि वाऱ्याने दार लावून घेतलं.
आत चुलीवर किटली.
माझ्याकडे हत्यार नाही, चष्मा नाही, बोटांत जीव नाही.
वाकून पाहिलं तर कुलूप ओळखीचं:
बावीस वर्षांपूर्वी मीच बसवलेलं,
चोराला निदान दहा मिनिटं लागावीत अशा बेताने.
कपड्यांच्या चिमट्याची तार काढून
मी खटपट केली.
मला अठ्ठावीस लागली.

ती हसली नाही. किटलीत जेमतेम घोटभर पाणी उरलं होतं.
नवं भरून, उकळून, तिने मातेचा पेला हातात दिला.
घाम पाठीवर गार होत गेला.
ती मुलाबद्दल बोलत राहिली, तो उत्तरेला खाणीत असतो,
फोन करतो, पण घाईत.
मनगटावर घड्याळ चालूच होतं.
थांबवायचं सुचलं होतं, खोटं कशाला बोलू.
हात वळला नाही.

पुढचे चार किलोमीटर लाकडाचे पाय घेऊन धावलो.

वहीत लिहिलं:
अठरा. दोन तास एक्कावन्न. वारा पश्चिम.
मिर्को म्हणाला, मधलं वजा कर की.
मी म्हटलं, मधलं कुठलं?

पण हे सगळं नंतरचं.
त्या दिवशी दारात पोहोचलो तेव्हा
नाडीची गाठ काही सुटेना.
किल्ली बुटावर लोंबतेय, बोटं परक्याची.
शेवटी घंटी वाजवली.
बायकोने दार उघडलं, बुटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि मग पायरीवर बसून
कुलूपवाल्याची गाठ
दातांनी सोडवली.